शिट्टीच्या अगोदर

हिवाळ्यात पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांच्या प्रचारगाडीत बसून, रात्री घडावयाचा प्रयोग सकाळीच घडल्यासारखा वर्णन करणे, हा वडसा येथील मुश्ताकभाईंचा पोटापाण्याचा व्यवसाय होता. परंतु त्यांचा जीव रमत असे तो हॉकीत. नागपूरच्या एका दैनिकास ते सामन्यांची वृत्ते पाठवीत आणि पंचक्रोशीतील स्पर्धांचे समालोचन करीत.

ब्रह्मपुरीच्या मैदानावर मुलींचा अंतिम सामना होता. वडसा विरुद्ध एटापल्ली. आयोजक भैयाजींनी सकाळीच कानात सांगितले होते की हॉकी संघटनेचे साहेब नागपूरहून आले आहेत, आणि आवाज पसंत पडल्यास राज्य स्पर्धेचा माईक मुश्ताकभाईंनाच मिळेल. ही संधी आयुष्यात पुन्हा येणारी नव्हती, हे ते जाणून होते. त्या दिवशी त्यांची वाणी खरोखरच ओघवती झाली होती.

सामना संपत आला तरी गोलफलक कोराच होता. अशात वडस्याच्या दिव्यानीने लांबून सणसणीत फटका हाणला. चेंडू गोलच्या फळीवर आदळण्यापूर्वीच मुश्ताकभाई गरजले, "गोल! वडस्याचा गोल!" प्रेक्षक मैदानात धावले. खेळाडूंच्या गर्दीत पंचांना फटका नीट दिसला नसावा. त्यांनी मध्यरेषेकडे हात करून गोल दिला.

एटापल्लीची गोलरक्षक मात्र स्टिकने गोलसमोरच्या अर्धवर्तुळाची, म्हणजे डीची रेषा दाखवीत उभी होती. फटका डीच्या बाहेरचा, आणि असा थेट गोल हॉकीत धरला जात नाही, म्हणून तिने चेंडू मुद्दामच जाऊ दिला होता. तिचे कोणी ऐकत नव्हते. उंच मचाणावरून मुश्ताकभाईंनी ते सर्व पाहिले होते. केवळ जीभ डोळ्यांच्या पुढे धावली होती.

भैयाजींनी आनंदाने त्यांची पाठ थोपटली. साहेब खालून पाहत होते. तरीही मुश्ताकभाईंनी माईक तोंडाजवळ घेतला.

"रसिकहो, क्षमा असावी. फटका डीच्या बाहेरून होता, आणि आत चेंडूला कोणाचीही स्टिक लागली नाही. मी घाई केली."

दोन्ही पंच एकत्र आले, बोलले, आणि गोल रद्द झाला. वडस्याचे लोक खवळले. "मुश्ताकभाऊ, तुमी आपल्या गावचे हाव का एटापल्लीचे?" असे कोणी खालून विचारले, त्यावर हशाही पिकला. पुढे बरोबरी सोडवणाऱ्या पेनल्टीत वडस्याचा संघ हरला.

साहेबांनी जाताना सौम्यपणेच सांगितले की आवाज उत्तम आहे, परंतु मोठ्या सामन्यास शिट्टीपर्यंत थांबणारा माणूस लागतो. मुश्ताकभाईंनी मान डोलावली. वाद घालण्यासारखे त्यात काही नव्हते.

परतीच्या जीपमध्ये वडस्याच्या मुलींनी त्यांना आपल्या बॅगांच्या दाटीत जागा दिली. वैनगंगेचा पूल लागला तेव्हा ते मोबाईलवर वृत्त लिहीत होते आणि एका वाक्यापाशी अडले होते. शेवटी दिव्यानीच म्हणाली, "काय लिहून राह्यले भाऊ?"

"गोल आधी दिला गेला तो समालोचकाच्या चुकीने, असं."

तिने मोबाईलमध्ये डोकावून ते वाक्य वाचले.

"मले बी माहीत होतं," ती हळूच म्हणाली. "हातभर बाहेर होती मी. तरी नाचलीच ना."

"तेही लिहू का?"

"नाई," ती म्हणाली, आणि आपली बॅग मांडीवर घेऊन त्यांना पाय पसरायला जागा करून दिली.