मूठ समोरच्याकडे

माझी भावजय लिनेट मंगळवारी सकाळी दुकानात आली आणि म्हणाली, "ऑर्लीन, मेरिटसाठी एक क्रॉस-ड्रॉ होल्स्टर शिवून देशील?" तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मेरिट माझा धाकटा भाऊ. अठ्ठावीस वर्षं शेरीफच्या पोलीस ऑफिसात डेप्युटी होता आणि अठ्ठावीस वर्षं त्याचं पिस्तूल उजव्या कमरेला होतं. निवृत्त झाला तरी शर्टाखाली ते आहेच, आणि उजवीकडेच. ते अडकवायचं चामडी होल्स्टर मीच शिवलेलं. हे खोगिरांचं दुकान आमच्या वडिलांचं. पण वायोमिंगच्या या कोपऱ्यात आता घोडे कमी नि पिकअप जास्त झाल्यात, म्हणून मी होल्स्टरंच शिवते. कोण कुठल्या बाजूला काय लपवून हिंडतो ते या गावात पाद्र्यापेक्षा मला जास्त माहीत.

"साठी उलटल्यावर बाजू बदलायची हुक्की कुठून आली त्याला?" मी विचारलं.

"खांदा दुखतो गं त्याचा. आणि सारखा पिकअपमध्ये बसलेला असतो. सीटबेल्टचं बक्कल नेमकं पिस्तुलावर येतं."

आता यात खोटं काही नव्हतं, तिथेच तर माझी पंचाईत झाली. क्रॉस-ड्रॉ म्हणजे उजव्या हाताच्या माणसाने पिस्तूल डाव्या बाजूला, पोटाच्या जरा कडेला लावायचं, मूठ पुढे करून. गाडी चालवणाऱ्याला ते सोयीचं. बसल्या बसल्या हात सरळ मुठीवर जातो, कोपर मागे न्यावं लागत नाही. खांदा धरलेल्याला, पाठ गेलेल्याला, पोट सुटलेल्यालाही बरं. वरून पुढे उघडा कोट घातला की कुणाच्या नजरेला येत नाही.

पण वाईट बाजूही मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगते. कोट मिटलेला असला तर हात आत जातच नाही. पिस्तूल बाहेर काढताना नळी आडवी फिरते, डाव्या हाताला उभा असलेला माणूस फुकट तिच्यासमोर येतो. म्हणून तर नेमबाजीच्या मैदानावर बऱ्याच ठिकाणी असली होल्स्टरं चालत नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूठ आपल्यापेक्षा समोरच्याच्या हाताला जास्त सोपी. त्याने नुसता हात पुढे केला की पिस्तूल त्याचं. तेवढ्यासाठी वर पट्टी लावते मी, आणि कातडं ओलं असतानाच नकली पिस्तुलावर असं घट्ट बसवते की धन्याशिवाय कुणाला चटकन उपसता येऊ नये.

हे सगळं मी लिनेटला सांगितलं. तिने मान डोलावत ऐकलं आणि म्हणाली, "पट्टी नको लावूस. आणि कातडं जरा सैलच ठेव."

"सैल?"

"त्याच्या बोटांत आता जोर नाही राहिला."

मग ती पुढे आली, माझ्या अगदी समोर उभी राहिली. "समजा मी त्याच्यापुढे अशी उभी आहे. तर मूठ माझ्या कुठल्या हाताला येईल? या?" आणि तिने उजवा हात माझ्या डाव्या कमरेपर्यंत आणला. एकदा. पुन्हा एकदा, जरा जलद.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. म्हटलं, बाई, ही तालीम करतेय!

"मी आले होते हे त्याला सांगू नकोस हं," दाराशी जाऊन ती म्हणाली. "तुलाच सुचलं असं सांग. तुझं ऐकेल तो."

खरं सांगते, मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. मेरिटची पहिली बायको गेली, त्यानंतर तीन वर्षांपूर्वी ही डेन्व्हरहून उगवली. का आवडली नाही ते विचाराल तर सांगता यायचं नाही. माझ्या हातची खिम्या-राजम्याची चिली खाऊन ती "छान झालीय" म्हणाली, त्यातसुद्धा मला खोट दिसली. पण आवडनिवड वेगळी आणि हे वेगळं. आडबाजूचं घर, शेजार दोन मैलांवर, आणि बायकोला नवऱ्याच्या कमरेचं पिस्तूल आपल्या हाताशी हवंय. यात पाणी मुरत नाही असं कोण म्हणेल? माझ्या भावाचा जीव होता तो. एकुलता एक भाऊ. त्या दिवशी मी सुई तीनदा बोटात घुसवून घेतली.

गुरुवारी मी मेरिटला एकट्यालाच हमरस्त्यावरच्या खानावळीत बोलावलं आणि काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. सैल कातडं, नको असलेली पट्टी, पुढे केलेला हात, सगळं.

त्याने कॉफीचा कप बाजूला सारला. "मला वाटलंच," म्हणाला.

"म्हणजे?"

"घरातल्या वस्तू हलतात, ऑर्लीन. किल्ल्या हलतात. चष्मा हलतो. परवा माझं पाकीट फ्रीजमध्ये सापडलं. आता मी कशाला पाकीट फ्रीजमध्ये ठेवीन? तीच करते. वर मला म्हणते, तूच ठेवलंस. मध्ये दोन दिवस पिस्तूलसुद्धा गायब केलं होतं तिने."

"अरे देवा! आणि तू मला आज सांगतोस?"

"वेडा ठरवायचंय मला तिने."

"मेरिट, डोळ्यांत तेल घालून राहा. ती तुझ्या जिवावर उठलीय." हे मी म्हटलं. शब्दन् शब्द माझे. त्याने टेबलावरून हात लांबवून माझा हात घट्ट धरला. कित्येक वर्षांत त्याने माझं एवढं मन लावून ऐकलं नव्हतं, आणि कान भरण्यात एक सुख असतं, खोटं कशाला बोलू. वाढणारी बाई बिल घेऊन आली तर तो तिच्यावर डाफरला, अजून आमची ऑर्डर का घेतली नाहीस म्हणून. रिकामी ताटली त्याच्या पुढ्यातच होती. मला वाटलं, बिचारा हादरलाय, त्याचं चित्त ठिकाणावर नाही.

मग मी माझा बेत सांगितला. क्रॉस-ड्रॉ गेलं खड्ड्यात. नेहमीसारखं उजव्या कमरेचंच नवं होल्स्टर शिवते, आणि वर जाड पट्टी, तुझ्या अंगठ्याशिवाय उघडणार नाही अशी. पट्टी नेमकी बसायला खरं पिस्तूल लागतं, तेव्हा शनिवारी ते घेऊन ये.

शनिवारी तो दुपारी आला. वारा असा सुटला होता की दार त्याच्या हातातून निसटून भिंतीवर आपटलं. गाडी लिनेटनेच चालवत आणली होती. ती बाहेर पिकअपमध्ये बसून राहिली. मी काचेतून तिच्याकडे बघितलं, तिने हात हलवला. मी हलवला नाही.

"आण बघू ते," मी मेरिटला म्हटलं. "आधी रिकामं कर."

हे त्याला सांगायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातली गत. तालुक्यातल्या अर्ध्या लोकांना पिस्तूल रिकामं करायला यानेच शिकवलंय. आधी मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग नळीवरची स्लाईड मागे ओढून नळीतली गोळी बाहेर पाडायची, मग आत बघायचं. हाच क्रम, दुसरा नाही.

मेरिटने पिस्तूल काढलं, नळी भिंतीकडे केली आणि स्लाईड ओढली. एक गोळी टपकन बाहेर उडाली, ती त्याने हवेतच झेलली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मग ती टेबलावर टाकली आणि मॅगझिन काढून शेजारच्या स्टुलावर ठेवलं. "घे. रिकामं आहे."

इतक्या रुबाबात केलं त्याने की माझ्याही लक्षात आलं नसतं. पण आमच्या दुकानात हातात आलेलं पिस्तूल स्वतः तपासल्याशिवाय कुणी कातड्याला लावत नाही. मी सवयीने स्लाईड ओढली, आणि दुसरी गोळी बाहेर पडून टेबलावर गडगडत गेली.

त्याने क्रम उलटा केला होता. मॅगझिन आत असताना स्लाईड ओढली, म्हणजे एक गोळी बाहेर आली आणि दुसरी नळीत जाऊन बसली. पहिल्याच वर्गात नवशिके करतात ती चूक. ती करणाऱ्यांना मेरिट वर्गाबाहेर काढायचा.

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. किल्ल्या, चष्मा, फ्रीजमधलं पाकीट, रिकामी ताटली, सगळं एकदम माझ्या डोक्यात उलटं फिरलं.

"मेरिट," मी हळूच म्हटलं, "तू आधी मॅगझिन नाही काढलंस रे."

तो त्या गोळीकडे बघत होता. "तिने घातली ती. लिनेटने."

"नाही रे. तूच—"

"तूच म्हणालीस ना? ती तुझ्या जिवावर उठलीय, म्हणालीस. डोळ्यांत तेल घालून राहा." जेवलो की नाही ते ज्याच्या ध्यानात राहत नव्हतं, त्याला माझं हे वाक्य कान्यामात्रेसकट पाठ होतं. त्याने काचेतून पिकअपकडे बघितलं. "डॅड मागे आहेत का? त्यांना बोलव. त्यांच्यासमोरच विचारतो तिला. आण ते पिस्तूल इकडे."

डॅडना जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी पिस्तूल पाठीमागे धरलं आणि पायाने मॅगझिन ठेवलेलं स्टूल माझ्याकडे ओढून घेतलं.

लिनेटला बाहेरून काय दिसलं कोण जाणे, ती धावतच आत आली. टेबलावरच्या दोन गोळ्या बघितल्या, माझा मागे धरलेला हात बघितला, आणि दाराला टेकून उभी राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं. त्यानेच शपथ घातली गं मला, ऑर्लीनला कळता कामा नये. तिच्या डोळ्यांत मी धाकटाच राहू दे, म्हातारा व्हायला नको, म्हणाला." ती एका दमात बोलत होती, नजर मेरिटवरून न हलवता. "मी दोन दिवस पिस्तूल लपवून बघितलं. तर रायफल घेऊन शेजाऱ्याच्या अंगावर गेला, चोर म्हणून. कमरेला असलं की शांत असतो. पण कधीकधी मला ओळखतच नाही. कोण गं तू, म्हणतो, आणि हात कमरेवर नेतो. तेव्हा त्याच्याआधी माझा हात पोचायला हवा होता. एवढंच."

मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर क्रॉस-ड्रॉची जी खोट सांगत आले, तेवढी एकच गोष्ट तिला हवी होती. आणि मी घट्ट पट्टी शिवायला बसले होते, वर त्याच्या डोक्यात ती विषारी सुई टोचून ठेवली होती. माझी मला शरम वाटली, अशी की तोंड कुठे लपवू कळेना.

"काय कुजबुजताय दोघी?" मेरिट आमच्या मध्ये आला. "ऑर्लीन, दे ते. माझं आहे ते."

"नाही देणार."

"तू माझी बहीण आहेस."

"म्हणूनच नाही."

त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. डेप्युटी असताना रस्त्यात थांबवलेल्या गाडीतल्या लोकांकडे बघायचा, तसं.

"तूही तिला सामील आहेस?" त्याने विचारलं.

लिनेट काही बोलणार होती, मी तिला हाताने थांबवलं. "हो," मी म्हटलं. "सामील आहे."

मी पिस्तूल खणात टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली लिनेटच्या हातात दिली. मेरिटने ते सगळं बघितलं. मग तो मागे सरकला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि आम्हा दोघींवर नजर ठेवून राहिला.