कापडाची पकड

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी थोरला दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावरून खाली पडला.

दाताच्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीला एसीचं बाहेरचं यंत्र बसवायचं काम चालू होतं. थोरला छज्ज्यावर उभा होता. धाकटा आत, खिडकीपाशी, तांब्याची नळी पुढे सरकवत होता. कमरेचा पट्टा खाली गाडीत होता. दहा मिनिटांचं काम म्हणून कुणी वर आणला नव्हता. छज्ज्यावर कबुतरांची घाण होती, त्यावरून थोरल्याचा पाय गेला. पडताना त्याने डावा हात खिडकीकडे फेकला. धाकट्याने बाही धरली. बाही खांद्यातून उसवली, हातावरून निघाली आणि धाकट्याच्या मुठीत राहिली.

थोरला वाचला. मानेखाली मणक्याला मार बसला. पाय गेले, हात हलतात, पण बोटांना पकड नाही. त्या सकाळचं त्याला गाडीत सामान भरल्यापर्यंतचं आठवतं, पुढचं नाही.

कंपनीचा सुपरवायझर त्याच दुपारी हॉस्पिटलच्या बाकावर बसून अहवाल लिहून घेत होता. "वेळ?" त्याने विचारलं. "दहा चाळीस," धाकट्याने सांगितलं. सुपरवायझरला बरं वाटलं; लोक साडेदहा-अकराच्या सुमारास असं काहीतरी सांगतात. पुढच्या ओळीत त्याने आपल्या शब्दांत लिहिलं: हात निसटला. धाकट्याने सही केली.

वहिनी घरी शिवणकाम करते. पडदे, गणवेश, फाटकंतुटकं. त्या शर्टाची डावी बाही आधीच्या रविवारी तिनेच पुन्हा बसवली होती. एक टीप घातली. दुसरी घालायची होती, तेवढ्यात बॉबिनमधला दोरा संपला आणि थोरल्याने शिवणयंत्रावरून शर्ट उचलून नेला. हॉस्पिटलात चौथ्या दिवशी ती म्हणाली, "माझीच शिवण कच्ची होती भाऊजी."

"नाही हो वहिनी," धाकटा म्हणाला.

सांगण्यासारखं आणखी होतं. धाकटा नऊ वर्षं कोटातली कुस्ती खेळत होता. ज्युदोला घालतात तसला जाड पांढरा कोट. तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे की मनगट धरू नका. मनगट फिरतं, घामाने सुटतं. बाहीची कड धरा, चारही बोटं कापडात वळवा. नऊ वर्षांत हे हाताला इतकं पाठ होतं की विचारायची गरज उरत नाही. त्या सकाळी हाताने विचारलं नाही.

थोरला पूर्वी या खेळाला हसायचा. "झगे घालून कुस्ती! एकमेकांना इस्त्री करता की काय रे?"

दोन महिन्यांनी थोरला घरी आला. मंगळवारी आणि शुक्रवारी अंघोळ ठरली. त्याला खुर्चीवरून उचलून न्हाणीतल्या स्टुलावर ठेवायचं काम धाकट्याचं. पहिल्याच शुक्रवारी परत उचलताना त्याने थोरल्याची गंजी पाठीमागून मुठीत धरली. गंजी ताणून गळ्यापर्यंत आली आणि टर्रकन फाटली. थोरला स्टुलावर एका बाजूला कलला. वहिनीने खांदा देऊन सावरलं.

"गेली गंजी," थोरला म्हणाला. "आता शर्टाच्या जोडीला ठेव हिलाही."

वहिनीने फाटकी गंजी उचलली आणि शिवणीपाशी बोट फिरवून पाहिलं. गंजी दुकानातली होती. फाटली होती ती मधोमध.

सोमवारी धाकट्याने बॅच बदलली. त्याच हॉलमध्ये संध्याकाळी सहाला बिनकोटाची कुस्ती चालते. अंगाला चिकटून बसणारे कपडे असतात आणि ते धरलेले चालत नाहीत. शिकवणारी बाई पन्नाशीची, सकाळी टपाल कार्यालयात पार्सलं निवडते. तिला सगळे मॅडम म्हणतात. पहिल्या लढतीत धाकट्याने समोरच्याचा टी-शर्ट चार वेळा धरला.

"ए शिंपी!" मॅडम ओरडल्या. "माप घेतोयस का त्याचं?"

नाव चिकटलं. शिंप्याच्या घरातून तो आलाय, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं.

वर्ग संपल्यावर तो थांबला. "पकड वाढवायचीय मॅडम."

"कशाला? स्पर्धा खेळायचीय?"

"भावाला उचलायचंय. अंघोळीच्या वेळी. साबण असतो."

मॅडमनी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. बोटांची पेरं जाड झालेली, कापड धरणाऱ्यांची होतात तशी. "बोटं भक्कम आहेत. अंगठा झोपलेला आहे. कापडाला अंगठा फारसा लागत नाही ना. माणसाला लागतो."

धाकट्याने लटकायच्या बारवर टॉवेल टाकला, तसा पूर्वीच्या बॅचचा सराव होता. मॅडमनी तो ओढून काढला. "टॉवेल म्हणजे पुन्हा कापडच. जाड पाइप घे. मूठ मिटता कामा नये असा जाड."

पहिल्या दिवशी तो पाइपला अकरा सेकंद लटकला. मग लोखंडी चकत्या चिमटीत धरून हॉलच्या चार फेऱ्या. मग वाळूची बादली: मनगटापर्यंत हात खुपसायचा, आत मूठ उघडायची, मिटायची, शंभरदा. शेवटी मॅडमनी एका पोराला हाताला खोबरेल चोळून समोर उभं केलं. तो हात हिसकणार, धाकट्याने मनगट सोडायचं नाही. पंचवीसपैकी तेवीस वेळा सुटलं.

"बोटांनी आवळू नकोस," मॅडम म्हणाल्या. "आकड्यासारखा हात अडकव आणि तो जाईल तिकडे जा. आणि उचलायचं असेल तर त्याला धरूच नकोस. त्याच्या काखेखालून हात घाल, छातीवर स्वतःचाच हात धर. तळव्यावर तळवा. बोटांत बोटं गुंतवायची नाहीत, मोडतील."

तीन महिन्यांनी तो पाइपला एक मिनिट दहा सेकंद लटकत होता. तेलकट मनगट पंचवीसपैकी सहा वेळा सुटत होतं. त्या सहांचा हिशेब तो घरी जाताना करायचा. प्रत्येक वेळी हात आधी कशाकडे गेला होता ते आठवायचा.

न्हाणीत आता काही चुकत नव्हतं.

"सावकाश लेका. पोतं नाही मी."

"पोतं परवडलं दादा. पोतं बोलत नाही."

"ऐकतेस का गं? हा मला पोत्याच्या खाली मोजतो." मग अंगावर पाणी घेता घेता थोरला तेच विचारायचा, जे दर आठवड्याला विचारायचा. "मला धरलं होतंस ना रे तू?"

"धरलं होतं."

"तेच म्हणतो मी हिला. धरलं होतं त्याने." वहिनी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असायची. शर्टाचा विषय तिने पुन्हा काढला नव्हता. पण बाहेरचं काम घेणं तिने कमी केलं होतं, आणि जे घ्यायची त्यावर तीन-तीन टिपा मारायची. शाळेच्या बाईंनी एकदा गणवेश परत पाठवले. शिवण इतकी जाड की पोरांच्या काखेत काचत होती.

पाचव्या महिन्यात अहवालाची प्रत टपालाने आली. धाकटा संध्याकाळी घरात शिरला तेव्हा वहिनी यंत्रावर बसून ती वाचत होती. थोरला आत झोपला होता.

"भाऊजी, यात दहा चाळीस लिहिलंय. वेळ कुणी पाहिली?"

"मीच सांगितली."

"तुम्ही घड्याळ घालत नाही. फोन कामावर पिशवीत असतो तुमचा."

"हो."

"मग?"

यंत्रावर अर्धवट शिवलेला पडदा होता. धाकट्याने खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"दादाच्या घड्याळात दिसली."

"कधी?"

"पडताना."

वहिनीने कागद खाली ठेवला. तिला समजायला वेळ लागला नाही. थोरला घड्याळ डाव्या मनगटावर बांधायचा.

"म्हणजे मनगट समोर होतं."

"काटे दिसले, इतकं जवळ."

"आणि तुम्ही बाही धरलीत."

"बाही धरली. तुमच्या शिवणीचं काही नव्हतं वहिनी. दुहेरी टीप असती तरी उसवली असती. मी चुकीचं धरलं. अहवालात हात निसटला असं आहे. हात माझ्या हातात आलाच नव्हता."

"पाच महिने," वहिनी म्हणाली.

मग तिने यंत्राच्या पेडलवर पाय ठेवला आणि पडद्याची उरलेली कड शिवून संपवली. दोरा तोडला. धाकटा उभाच होता. ती उठून आत गेली.

मंगळवारी अंघोळ नेहमीसारखी झाली. वहिनी टॉवेल घेऊन उभी होती, पण या वेळी दाराबाहेर नाही, दारात. सगळा वेळ ती धाकट्याच्या हातांकडे पाहत होती. थोरला कमी बोलला. नेहमीचा प्रश्न त्याने विचारला नाही. पाणी गार आहे, एवढं म्हणाला. पाणी गरम होतं.

त्या संध्याकाळी तेलकट मनगट पंचवीसपैकी एकदाही सुटलं नाही. "शिंपी, धंदा सोडलास की काय?" मॅडम म्हणाल्या. त्याने हात पुसले आणि लवकर निघाला.

शुक्रवारी खुर्चीवर परत बसवल्यावर थोरल्याने घड्याळ मागितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. हॉस्पिटलातून मिळालेल्या पिशवीत ते होतं, कपाटात. काचेला चरे पडले होते, पण घड्याळ चालू होतं. वहिनीने ते आणलं आणि स्वतः न बांधता धाकट्यापुढे धरलं.

"तुम्ही बांधा."

धाकटा गुडघ्यावर बसला. थोरल्याने डावा हात पुढे केला, खुर्चीच्या हातावर टेकवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. वहिनीने त्याला काय सांगितलं आहे, की काहीच सांगितलेलं नाही, हे धाकट्याला अजून कळलेलं नाही. पट्टा जुन्या भोकावर सैल पडत होता. तो दोन भोकं आत घ्यावा लागला.