अडतीस इमू आणि एक ठराव

मंगळवार, २ एप्रिल २०१३. सकाळी सव्वासहा वाजता बीडकडच्या पालीजवळच्या एका वस्तीवर, इमूंच्या कुंपणाच्या फाटकाला रिकामा टेम्पो येऊन लागला. अडतीस पक्षी मांजरसुंब्यापुढच्या डोंगरात नेऊन सोडायचे ठरले होते.

ठरले होते, म्हणजे गावच्या सहकारी संस्थेच्या वहीत लिहून झाले होते. सभा झालेली नव्हती. या संस्थेत आधी ठराव लिहिला जाई. मग सचिव आसाराम वही काखेत मारून घरोघर फिरे आणि सह्या-अंगठे पुरे झाले की खाली 'सर्वानुमते मंजूर' एवढे लिहून टाकी. कुणी वाचत नसे, कुणी विचारत नसे. अध्यक्षांची सही वर दिसली की झाले!

तीन वर्षांपूर्वी इमू आणण्याचा ठरावही असाच झाला. एका कंपनीचा माणूस आला, चकचकीत कागद दाखवून म्हणाला, "दुर्मिळ पक्ष्याचं संवर्धन होईल आणि तुम्हाला उत्पन्नही मिळेल." अंडी कंपनी नेणार, पिल्ले कंपनी काढणार. पन्नास घरांनी संस्थेत आपापल्या भागाचे पैसे घातले. या जानेवारीत कंपनीची गाडी यायची थांबली. मग फोनही लागेना.

अध्यक्ष अर्जुनरावांना गाव आप्पा म्हणे. गडी वाईट नव्हता. पण दुष्काळाने तोही हबकला होता. बिंदुसरेच्या धरणात चिखलाला भेगा पडल्या होत्या. टँकर तिसऱ्या दिवशी येई, तोही आला तर. गुरे चारा छावणीत होती. छावणीवाल्याने इमूंना घेतले नाही. इमू गुरांत मोडत नाहीत म्हणाला. तेव्हा आप्पांनी मनाशी सोपा हिशेब केला. पाखरू आहे, डोंगरात सोडू, जगेल की! ठरावात आसारामने शब्दही गोड घातला होता : 'पक्षी निसर्गात मुक्त करणे'.

एकच अंगठा राहिला होता, भिवराबाईचा. वीस वर्षे ऊसतोड करून तिची कंबर गेली, तेव्हापासून ती कुंपणावर राखणीला होती. संस्थेत तिचाही एक भाग होता.

"मावशी, हितं अंगठा टेका बरं," आसारामने वही पुढे केली. "टेम्पोचं भाडं चढायलंय."

"काय लिवलंय त्यात?"

"पाखरं मुक्त करायची."

"मुक्त?" भिवराबाई हसली. "आन् खायाचं काय, पियाचं काय? डोंगरातला मोर तहानंनं तडफडायलाय. तिथं ह्येन्ला कोण पाजनार, तुजा सासरा?"

टेम्पोवाला त्रिंबक फसकन हसला. आसाराम चिडला. "मावशी, आप्पांची सही हाय वर."

"मंग आप्पा हायतंच की उभे. आप्पा, कावून इतकी घाई करताव? आधी इकडं या. बघा अन् मंग सांगा."

आप्पा नाइलाजाने तिच्यामागे गेले. कुंपणाच्या कोपऱ्यात, बाभळीच्या काट्याकुट्यांवर एक मोठा इमू मान जमिनीलगत पसरून बसला होता. पिसे धुळीने भरलेली, पाठीचे हाड वर आलेले.

"आजारी हाय का?"

"आजारी न्हाई. बाप हाय त्यो. अंड्यावर बसलाय. आज बावन्नावा दिस."

"बाप? मादी न्हाई?"

"मादी ती बघा, तिकडं हिंडायलीय. ती अंडी घालती अन् जाती. बसतो ह्यो. कंपनी अंडी उचलून न्यायची, म्हणून आपन कदी बघितलंच न्हाई. गाडी यायची बंद झाली अन् ह्यो बसला. बसल्यापासून दाना खाल्ला न्हाई. बादली तोंडापशी ठिवली, तर नुसता बघतो."

त्रिंबक पुटपुटला, "आमी तर पोराच्या बारशालाबी चार दिस उशिरा गेलतो."

"म्हून तर म्हणते, बघ जरा!"

आप्पा कुंपणाशी उकिडवे बसले. थोड्या वेळाने पक्षी अर्धवट उठला. त्याचे पाय थरथरत होते. पोटाखाली सात अंडी होती, गर्द हिरवी, काळपट झाक असलेली. चोचीने त्याने एकेक अंडे हलकेच कलते केले. हात नसलेल्या जिवाने इतके अलगद काम करावे! आणि तेवढ्यात आप्पांना बारीक शीळ ऐकू आली. त्यांनी आभाळाकडे पाहिले. एकही पाखरू नव्हते.

"वर न्हाई, आप्पा. आतून."

शीळ पुन्हा आली. अंड्याच्या कवचाआडून! न जन्मलेले पिल्लू बोलत होते. आणि त्या वाळलेल्या बापाने गळ्यातल्या गळ्यात घुमल्यासारखा हुंकार दिला. मग तो पुन्हा खाली बसला.

छपन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी किती गाई, शेळ्या, कोंबड्या पाहिल्या होत्या! पण करपलेल्या मातीवर, उपाशी-तहानलेला, परक्या मुलखात असा जागेवर खिळलेला बाप त्यांनी पाहिला नव्हता.

भिवराबाई सावकाश म्हणाली, "आप्पा, आणताना म्हणलता, दुर्मिळ पाखरू जगवायचं. कुनी इचारलं का, त्येचं गाव कंचं, तिथं ते किती हायत? डॉक्टर आलते लस टोचाया, ते म्हणले, त्येच्या मुलखात काय ते दुर्मिळ न्हाई. आपल्या मोराला वाडगंभर पाणी आपन ठिवलं न्हाई, अन् निघालो समुद्रापल्याडचं पाखरू वाचवाया! बरं, चुकलं. पन आपल्या अंगठ्यानं आलेला जीव अंगठ्यानंच मराया धाडायचा?"

आप्पा उठले. आसारामच्या हातातून वही घेतली आणि त्याने या वेळी आधीच लिहून ठेवलेल्या 'सर्वानुमते मंजूर' यावर आडवी रेघ मारली. "आधी सभा! दहा वाजता, मारुतीपुढं. बायाबी पायजेत."

सभा झाली. संस्थेची ती पहिली खरी सभा. सभासदांतला उत्तरेश्वर ताडकन उठला, "मान्साला पाणी न्हाई अन् पाखराला कुठलं?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि कुणी त्याला खाली बसवले नाही. बायांतून साखराबाई म्हणाली, "टँकर आला की घरटी एक कळशी. मी देते." मग हात वर झाले. सोडू नये म्हणून सत्तावीस, सोडावे म्हणून चौदा. नऊजण गप्प राहिले. वहीत तिन्ही आकडे लिहिले गेले. टेम्पो रिकामा परत गेला.

वाचकहो, सही करायला क्षण लागतो, प्रश्न विचारायला धीर लागतो. तुमच्या गावातही अशी वही फिरत असेल. अंगठा उमटवण्याआधी ती वाचून घ्या. जीव सांभाळायचा वायदा उत्पन्न थांबले म्हणून संपत नाही. आणि संवर्धनाची एवढी हौस असेल, तर सुरुवात आपल्या शिवारातल्या तहानलेल्या पाखरापासून करा!

पुढचे एवढेच कळले आहे. शुक्रवारी, १२ तारखेपर्यंत पाच पिल्ले बाहेर आली. मोठ्या पक्ष्यांपैकी दोन उन्हाने गेले. भिवराबाई आणि आप्पांनी बीडला कलेक्टर कचेरीत जाऊन पक्ष्यांना चारा-पाणी मिळावे असा अर्ज दिला. साहेबांनी तो वाचला, असा अर्ज आधी कधी आला नव्हता म्हणाले, आणि सोमवारी यायला सांगितले.