प्रेमिलाच्या गोगलगायी

गोगलगायी पाळते म्हणून गावानं मला काय काय नाही म्हटलं. येडी म्हटलं, भुतीण म्हटलं. म्हणा म्हणावं! ज्यांच्या पोरी दिवसभर घरात चिवचिव करतात त्यांनी खुशाल म्हणावं. माझी प्रेमिला तेव्हा दहा महिने एक अक्षर बोलली नव्हती.

तिची थोरली बहीण धनवंता मातेच्या आजारात, देवीच्या फोडांनी गेली. दोघी एका खाटेवर निजायच्या, एका ताटात जेवायच्या. थोरलीला उचलून नेलं त्या दिवशी धाकटीनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. सात वर्षांची पोर, भूक लागली की नुसतं ताट वाजवायची. वैद्य झाले, मांत्रिक झाले, नवस झाले. देव तरी काय ऐकतो कपाळ!

माझा भाऊ मनीराम रेल्वेत गँगमन होता, पार बंगालकडे, खरगपूरला. आषाढातल्या अखाडीच्या सणाला सालेकशाला गाडीतून उतरून तो आमच्या गावी आला, तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन. मी म्हटलं, भाचीला खाऊ आणला. झाकण उघडलं तर आत ओली माती, आणि मातीत माझ्या मुठीएवढी गोगलगाय! आमच्या बांधावरची गोगलगाय नखाएवढी असते. ही बया पट्ट्यापट्ट्यांच्या शंखातून वीतभर अंग बाहेर काढून डोळ्यांची शिंगं हलवत होती.

"मन्या, हे काय घान घेऊन आला रे?" मी ओरडले.

"बाई, थिकडे अशा बाडीबाडीत रायतेत. कोनाले काई करत नाई. अन् एकटीच त हाय, एकटीले का पिल्लं होतेत?"

पुरुषाची जात, बोलायला काय जातं! पण मीही मान डोलावली, ते का खोटं सांगू.

तिसऱ्या दिवशी परसात मी सुपात तांदूळ पाखडत होते. मागून आवाज आला. "खाय न. खाय." माझे हात जागच्या जागी थांबले. प्रेमिला गोगलगायीपुढे दोडक्याचं पान धरून बसली होती. मी वळले नाही, जवळ गेले नाही. तोंडात पदर कोंबून तिथंच रडले.

आमच्याशी ती तरीही बोलायची नाही. मी किंवा तिचे बाबा जवळ गेलो की गप्प. पण घरात तिचा आवाज होता. मी फुटक्या माठात माती भरून दिली. ती पपईची सालं घालायची, पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन चाटवायची, कारण मामानं सांगितलं होतं की चुन्यानं शंख टणक होतो. दाराआडून मी ऐकायची. धनवंताच्या गोष्टी सांगायची हो पोर त्या मुक्या जिवाला.

पाटील केशोराव एकदा माठ पाहून गेले होते. "वाढणार त नाई न हे?" त्यांनी विचारलं. "एकच हाय, एकच राईल," मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. श्रावणात माती उकरली तर खाली साबुदाण्यासारखी ओंजळभर अंडी. बया पोटातूनच घेऊन आली असावी. पंधरा दिवसांत पिल्लंच पिल्लं. फेकायला हवी होती ना? पण प्रेमिलानं एकेकीला नाव ठेवलं. कोण आई फेकेल?

उन्हाळ्यात सगळ्यांनी शंखाच्या तोंडावर कागदासारखं झाकण लावून घेतलं आणि मेल्यागत पडल्या. पोरगीही गप्प. अडीच महिने! मी रोज माठावर पाणी शिंपडायची, हात जोडायची. मृग लागला, झाकणं फुटली, शिंगं बाहेर आली आणि माझी पोर पुन्हा बोलू लागली. तेव्हा मला पक्कं कळलं. ह्या जगल्या तर प्रेमिलाचं बोलणं जगेल.

त्या पावसाळ्यात मात्र त्या माठात मावेनात. कुंपण ओलांडून निघाल्या. शेजारच्या श्यामलालच्या बाडीत वांगी राहिली नाहीत, दुसऱ्यांच्या काकडीचे वेल सोलून निघाले. चुन्यासाठी भिंती खरवडल्या. विहिरीच्या काठावर पाय ठेवला की कर्रकन शंख फुटायचा. बायका माझ्या दारात येऊन बोटं मोडायच्या आणि मी ऐकून घ्यायची, कारण त्या खरं बोलत होत्या.

पोळ्याच्या चार दिवस आधी केशोरावांनी गावाची बैठक बसवली. गावातला बिसराम म्हणाला, "मीठ टाका, मरून जातेत."

"गावात मारलेल्या किडीचं बी गावातच रायते," केशोराव म्हणाले. "जितीच सीमेबाहेर गेली पायजे. नारबोदीसंगं धाडू. ज्या घरची पीडा, त्या घरच्या बाईनं टोपली न्यावी."

आमच्याकडची रीतच आहे ती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोदीची बाहुली वाजतगाजत न्यायची, गावातली सगळी कीड, सगळा रोग तिच्यासंगं नाल्यापलीकडे सोडायचा आणि परतायचं. वेशीच्या दगडाशी येईपर्यंत मागं पाहायचं नाही. मागं पाहिलं की रोग त्या माणसाच्या मागं त्याच्या घरी येतो.

मी पाय धरले. "पाटीलबाबा, एक ठेऊ द्या. माही पोरगी तिच्यासंगंच बोलते."

"मांगच्या सालीबी एकच होती, सुखवंता."

माझ्याच शपथेनं माझं तोंड बंद केलं. घरी आल्यावर आमचे घरधनी म्हणाले, "गावात रायचं हाय आपल्याले." आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

चार दिवस गाव गोगलगायी वेचत होतं. आदल्या संध्याकाळी मी प्रेमिलाला सगळं सांगितलं. त्या जातील, मागं कसं पाहायचं नसतं, पाहिलं तर मातेचा आजार कसा परत येतो, सगळं. ती ऐकत होती. म्हातारी गोगलगाय तिच्या बोटावरून हळूहळू चढत होती.

पहाटे पोरीला बाबांजवळ निजलेली ठेवून मी टोपली डोक्यावर घेतली. पुढे नारबोद, मागे अख्खं गाव. "ढेकून, माकोडे, खासी, खोकला घेऊन जा गे नारबोद!" पोरं ओरडत होती, डफ वाजत होता. माझ्या कानाशी शंखावर शंख घासत होते. नाल्यापलीकडे मी टोपली उलटी केली आणि आम्ही माघारी वळलो.

दहा पावलं गेले असेन. मागून आवाज आला.

"माय!"

खिडकीतून की परसदारातून, कशी निसटली कोण जाणे, शेताशेतातून येऊन ती तिथं पोहोचली होती. मला हाक मारत होती. मला! दोन वर्षांत पहिल्यांदा.

"माय वो!"

"पाहू नोको, सुखवंता," शेजारून केशोराव म्हणाले. "एकच पोर उरली हाय तुही."

त्या एका वाक्यानं माझी मान धरली. धनवंताचं फोडांनी भरलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी मनात म्हटलं, दगड तर समोरच आहे. शंभर पावलं. दगडाला हात लावते आणि पळत येते ग राणी, थांब जरा. मी पावलं मोजत राहिले. तिसरी हाक आली, ती रडत होती. मी चालत राहिले. चौथी आलीच नाही.

दगडाला हात लागला तशी मी पळत सुटले. पोर नाल्यापलीकडच्या काठावर बसली होती. भोवती गोगलगायी गवतात पांगत होत्या. "बोल न, बाई. मी आली पाय, माय आली," मी तिला गदागदा हलवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंड घट्ट मिटलेलं.

पुढच्या पावसाळ्यात गोगलगायी परत आल्या. कोणी मागं पाहिलं नव्हतं, तरी नाला ओलांडून आल्याच. गावानं कपाळावर हात मारला. मी मात्र आडोशाला आनंदानं वेडी झाले होते. वर्षभर पोर ताटच वाजवत होती. मी त्यातली सगळ्यात मोठी उचलली, धुतली, चुना चाटवला आणि प्रेमिलाच्या तळहातावर ठेवली.

"घे, बाई. बोल तिच्यासंगं."

तिनं गोगलगायीकडे पाहिलं. मग उठली. परसातून चालत कुंपणापर्यंत गेली, मी तिच्या मागोमाग. तिनं गोगलगाय कुंपणाबाहेर गवतात ठेवली, वळली आणि माझ्या शेजारून, मला मागं टाकून घराकडे निघाली.

"प्रेमिला!" मी मागून हाक मारली. "प्रेमिला वो!"

तिनं मागं पाहिलं नाही.