डब्यातला रानमाणूस

एकबर्टच्या मुलीचा, रोस्विताचा फोन आला तेव्हा हार्टविग आधी हो म्हणाला आणि मग त्याला घाम फुटला. वारलेल्या बापाची नाणी विकायला काढायची होती, आणि ती ओळखणारा गोस्लार गावात आता हार्टविगच उरला होता.

अकरा वर्षं दोघांत अबोला होता. नाणेमंडळाची बैठक दर गुरुवारी खानावळीच्या मागच्या खोलीत भरायची. एकदा एकबर्टने सोळाव्या शतकातला चांदीचा टालर, जुनं जर्मन नाणं, आणला. उपटलेलं झाड हातात धरलेला रानमाणूस होता त्यावर. हार्टविगने भिंग लावलं, त्याला कडेवर उंचवटा दिसला, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "साच्यात ओतलेलं आहे हे, खोटं. कुणीतरी टोपी घातली तुला." सगळे हसले. एकबर्ट पुन्हा बैठकीला आला नाही.

वर्षभराने दुसऱ्या एका टालरवर तसाच उंचवटा दिसला, तेव्हा हार्टविगच्या डोक्यात प्रकाश पडला. कधीकाळी कुणी गळ्यात घालायला नाण्याला कडी डागून घेतली होती, पुढे ती काढली. त्याची ती खूण. नाणं अस्सल होतं. चार शब्दांत सांगून टाकायची गोष्ट, पण हा शहाणा मूग गिळून बसला. नाताळला सांगू, ईस्टरला सांगू म्हणता म्हणता मंडळातली माणसं एकेक करून गेली. आता त्या खोलीत तो एकटाच बसायचा आणि एक बिअर दोन तास पुरवायचा. एकबर्टची त्याला फार आठवण यायची.

एकबर्टच्या घरी रोस्विताने नाण्यांचे ट्रे समोर मांडले. प्रत्येक नाण्याखाली एकबर्टच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी होती. रानमाणूस मात्र कुठेच नव्हता. विकला असेल, असं हार्टविगला वाटलं, आणि जरा हायसंही वाटलं.

"काका, हा बिस्किटांचा डबा टाकूनच द्यायचा ना? बाबा म्हणायचे, यातली सगळी खोटी आहेत."

झाकण उघडलं तर वरच रानमाणूस. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'खोटं. मला खरं वाटलं होतं, पण हार्टविग म्हणाला. त्याची नजर चुकत नाही.'

हार्टविगने ती दोनदा वाचली. "तो माझ्यावर रागावला नव्हता?"

"रागावतायत कसले. लाज वाटायची त्यांना. म्हणायचे, खोटं नाणं ओळखता येत नाही मला, आता हार्टविगसमोर कुठल्या तोंडाने जाऊ? गुरुवारी कोट चढवायचे, आणि दारातूनच परत यायचे."

"हे नाणं खरं आहे, पोरी. दहा वर्षांपासून ठाऊक आहे मला."

"मग सांगितलंत का नाही? चार गल्ल्या तर होत्या मध्ये."

"आधी लाज वाटली. मग वाटलं, आता फार उशीर झाला."

"बाबा या मार्चपर्यंत होते, काका," ती म्हणाली, आणि कॉफी ठेवायला आत गेली.