वादळराजाचा झगा

आमच्या घरात वादळराजाच्या झग्याला एक रंग असा नव्हताच. वादळराजा म्हणजे दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता टीव्हीवर येणारा, पाठीवर झगा फडफडवत उडणारा आणि बुडत्या होड्या एका हाताने उचलणारा माणूस. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, सरकत्या लाकडी दारांचा. त्यामुळे झग्याचा रंग ज्याने त्याने आपापला ठरवून टाकला होता. आईचा निळा. धाकट्या भावाचा सोनेरी, कारण त्याला सगळंच सोनेरी लागायचं. माझा दर आठवड्याला बदलायचा. आई त्या झग्याला टॉवेल म्हणायची आणि आम्ही दोघं भावंडं त्यावरून तिच्याशी भांडायचो.

बाबांचा रंग मात्र ठरत नसे. बाबा पेंटर होते, म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवायचे. घरात रंगाचे अडतीस डबे, आणि तरीही टीव्हीसमोर डोळे बारीक करून म्हणायचे, "हा करडा लालचा असेल. हिरव्याचाही असू शकतो. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोघं सारखेच दिसतात." त्या काळी शेजारीपाजारी टीव्हीच्या काचेवर वर निळा, मधे तांबडा, खाली हिरवा असा प्लास्टिकचा कागद लावायचे आणि आमचा टीव्ही आता कलर झाला म्हणायचे. त्यात बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ कायम निळं असायचं. बाबांनी तो कागद घरात येऊ दिला नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, उगाच रंग फासू नये, असं त्यांचं म्हणणं. एवढा सरळ माणूस माझ्यासारख्या मुलीच्या वाट्याला यायला नको होता.

कारण मी थापाडी होते. साधीसुधी नाही, मुरलेली. आणि माझी सगळ्यात मोठी थाप मावशीच्या कलर टीव्हीची.

मावशीने कलर टीव्ही घेतला, तेव्हा मी इतकी मागे लागले की एका शनिवारी तिने मला बोलावलंच. मी तीन वाजल्यापासून जाऊन बसले. टीव्हीवर क्रोशाचं झाकण होतं, त्यावर प्लास्टिकचा हंस. सहाला दहा मिनिटं कमी असताना मावशीने हंस उतरवला, झाकण उतरवलं, आणि लाइट गेली. मी अंधारात बसून संत्र्याच्या चवीच्या बर्फाच्या तीन कांड्या खाल्ल्या. लाइट आली तेव्हा पडद्यावर बातम्या होत्या. बाईंचं कपाळ निळं नव्हतं, एवढंच काय ते मी कलरमध्ये पाहिलं.

पण सोमवारी शाळेच्या पायऱ्यांवर अख्खा वर्ग माझी वाट बघत उभा होता. त्यांना काय सांगणार, कांड्या खाल्ल्या म्हणून? माझ्या वर्गात एकाच्याही घरी कलर टीव्ही नव्हता. एकाने विचारलं, झगा कुठल्या रंगाचा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जांभळा." त्यांची तोंडं अशी उघडी राहिली की मला थांबवेना. वीज पोपटी पडते, म्हटलं. खलनायकाची दाढी नारिंगी आहे, म्हटलं. त्या आठवड्यात मी असा काही भाव खाल्ला की विचारू नका. च्युइंगगमच्या वेष्टनातून निघणारे, थुंकी लावून मनगटावर चिकटवायचे ते छाप मला न मागता मिळायला लागले. घरीही तीच कथा मी पुन्हा रंगवून सांगितली. आई हसली. बाबा हातातला ब्रश पुसत ऐकत राहिले आणि म्हणाले, "जांभळा होय. मला नसतं सुचलं."

इथवर ठीक होतं. पुढच्याच आठवड्यात पाळणेवाला आमच्याकडे आला.

पाळणेवाला म्हणजे दर सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर आकाशपाळणा, घोड्यांचं चक्र, वेड्यावाकड्या आरशांची खोली आणि छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचा ठेला लावणारा माणूस. आमची वर्षभराची स्वप्नं त्याच्या मालकीची होती. त्याला यंदा एक नवीन गोष्ट हवी होती. प्लायवूडचा माणसाएवढा वादळराजा, चेहऱ्याच्या जागी भोक. पोरांनी मागून भोकात तोंड घालायचं, पुढून फोटोवाला फोटो काढणार.

"पेंटर, पोरांची रांग लागली पाहिजे," तो म्हणाला. "हे जमलं तर किनाऱ्यावरच्या सगळ्या पाट्या तुमच्या. नाहीतर त्या मशिनवाल्याला देतो. तो म्हणतो, दोन दिवसांत सगळं कापून देतो."

मशिनवाला म्हणजे मोठ्या रस्त्यावर नुकतंच दुकान उघडलेला माणूस. त्याच्याकडे प्लास्टिकची अक्षरं यंत्रावर कापून मिळायची. सहा महिन्यांत बाबांची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली होती. बाबा याबद्दल बोलत नसत, पण संध्याकाळी लवकर घरी यायला लागले होते आणि डब्यांची झाकणं उगाच पुसत बसायचे. पाळणेवाला गेल्यावर आईने त्यांना जास्तीचा चहा दिला. हे काम हातचं जाऊन चालणार नाही, एवढं मला नवव्या वर्षीसुद्धा कळत होतं.

बाबांनी प्लायवूड कापलं, घासलं, पांढऱ्या रंगाचा हात दिला. पेन्सिलने वादळराजा काढला. हुबेहूब. मग त्यांनी मला हाक मारली.

"ये गं. तू पाहिलायस. झगा कुठला जांभळा? निळ्याकडे झुकणारा की लालकडे?"

खरं बोलायची ती माझी संधी होती. पण मागे धाकटा उभा होता आणि शेजारची दोन पोरं खिडकीला लोंबकळत होती. मी म्हटलं, "लालकडे. थोडासा." बाबांनी तसा कालवला. मी म्हटलं, "अजून थोडा." त्यांनी अजून थोडा घातला. एखाद्या मोठ्या कारागिराला विचारावं तसं ते मला विचारत होते, आणि मला, लाज वाटायच्या ऐवजी, मजा येऊ लागली. पट्टा मी चंदेरी केला. बुटांपर्यंत येईस्तोवर मी इतकी रंगात आले होते की बूट मी गुलाबी करायला लावले.

"गुलाबी?" बाबा म्हणाले.

"कलरमध्ये तसेच दिसतात."

बाबांनी गुलाबी कालवला.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर गर्दी लोटली. साखरेच्या गुलाबी कापसाचा वास, भाजक्या मक्याचा वास, आकाशपाळण्याच्या इंजिनाचा धूर. माझा अर्धा वर्ग आला होता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सोबत रंगांची पेटी आणली होती, कुठे ओरखडा पडला तर लावून टाकायला. पाळणेवाल्याने बोर्डावरची चादर ओढली. मी चादरीकडे नाही, बाबांकडे बघत होते. त्यांनी हात मागे बांधले होते.

पहिल्यांदा कुणीतरी खिदळलं. मग एक पोरगा म्हणाला, "याला आईचे बूट दिलेत." मग हसण्याचा गलका झाला.

"झगा हिरवा असतो," दुसरा म्हणाला.

"हिरवा नाही, निळा."

"जांभळाच आहे, ही पाहून आलीये," माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे बोट दाखवत ओरडली. बिचारी निष्ठेने भांडत होती. पाच मिनिटांत तिथे असे काही गट पडले की घोड्यांच्या चक्रावरची पोरंही खाली उतरून भांडायला आली. ज्याच्या त्याच्या घरी वेगळा वादळराजा होता आणि प्रत्येकाचाच खरा होता. हे सगळं मी लांबून बघितलं असतं तर पोट धरून हसले असते.

मग रांगेतून एक चश्मिष मुलगी पुढे आली. औषधांच्या दुकानदाराची मुलगी. दुसऱ्या शाळेतली, म्हणून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. हातात कापसाची काडी, तोंड सगळं चिकट. तिने आवाजही चढवला नाही.

"आमच्याकडे दोन वर्षांपासून कलर आहे," ती म्हणाली. "झगा लाल आहे."

गलका एकदम थांबला. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. पाळणेवाल्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"पेंटर, हे काय करून ठेवलंत? पोरं हसतायत. लाल करा, नाहीतर उचला हा बोर्ड."

बाबांनी चश्मिषकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चिडून नाही. अगदी नेहमीसारखं.

"माझी मुलगीही कलरवर पाहून आलीये, मालक," ते म्हणाले. "तिने सांगितलं तसं मी केलंय. ती जांभळा म्हणत असेल तर जांभळाच राहील."

"अहो, पण ही पोरगी म्हणतेय ना लाल."

"ती तिच्या घरचं सांगतेय. त्यांच्या टीव्हीचे रंग बिघडले असतील. माझी मुलगी मला खोटं कशाला सांगेल?"

"मग न्या उचलून. आणि बाकीच्या पाट्यांचंही राहू द्या."

"नेतो," बाबा म्हणाले, आणि मला विचारलं, "सांग गं. जांभळाच होता ना?"

माझ्या तोंडात त्या क्षणी किमान पाच उत्तम थापा तयार होत्या. कालच्या भागात त्याने झगा बदलला, ही एक. संध्याकाळी लाल, सकाळी जांभळा, ही दुसरी. आणि माझा वर्ग कुठलीही मान्य करायला टपून उभा होता. पण बाबांनी खरोखरच एका हाताने बोर्डाची कड धरली होती. मी नुसती मान हलवली असती तरी ते तो माणसाएवढा गुलाबी बुटांचा वादळराजा पाठीवर घेऊन घरी चालत आले असते, आणि उद्यापासून पुन्हा डब्यांची झाकणं पुसत बसले असते. माझ्या एका शब्दावर. मला इतकी भीती आजवर कधी वाटली नव्हती.

"मी पाहिलंच नाही," मी म्हटलं.

"काय?"

"लाइट गेली होती. मावशीकडे. मी काहीच पाहिलं नाही, बाबा."

हे नीट ऐकू येईल इतक्या मोठ्याने मी बोलले असणार, कारण माझ्या वर्गातल्या एका पोराने तिथल्या तिथे विचारलं, "आणि नारिंगी दाढी?" त्याने माझ्या मनगटाकडे, त्याच्याच छापाकडे, असं काही पाहिलं की मी हात मागे घेतला.

बाबा मला ओरडतील असं वाटलं. निदान कान तरी धरतील. मला ते चाललं असतं. पण त्यांनी बोर्डाची कड सोडली, खाली बसून पेटी उघडली आणि लाल रंगाचा डबा बाहेर काढला.

"चूक झाली, मालक," ते पाळणेवाल्याला म्हणाले. "मी खात्री करून घ्यायला हवी होती. अर्धा तास द्या."

पाळणेवाल्याला अर्धा तास देणं भागच होतं, कारण एवढ्या भांडणानंतर कुणीही हलायला तयार नव्हतं. उलट रांग वाढली होती. नेमका रंग कुठला निघतो ते बघायला लोक मका खात उभे राहिले. बाबांनी ब्रश बुडवला. जांभळ्यावर लाल एका हातात बसत नाही. पहिल्या हातानंतर झगा विटक्या रंगाचा दिसायला लागला. मग दुसरा हात चढला आणि तो भडक, लखलखीत लाल झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाळणेवाला मागून म्हणाला, "पेंटर, उद्या आरशांच्या खोलीची पाटी बघून जा," आणि बाबांनी मागे न बघता मान डोलावली.

मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले होते. लहानपणापासून ती माझी जागा. टर्पेंटाइनची बाटली मी धरायची, चिंधी मी द्यायची. मी चिंधी पुढे केली, त्यांनी ती घेतली. मला वाटलं, झालं तर मग, मिटलं.

"पट्टा?" बाबांनी विचारलं.

"पिवळा," पलीकडून चश्मिष म्हणाली. बाबांनी चंदेरीवर पिवळा चढवला, बारीक ब्रशने, कड न सोडता. मग ते थोडे मागे सरकले, डोळे बारीक केले आणि त्या गुलाबी बुटांकडे बघितलं. आता तरी हसतील, असं वाटून मी आधीच हसायला लागले होते.

"आणि बूट?" ते म्हणाले.

सवयीने माझं तोंड उघडलं. पण बाबांनी मान वळवली होती, आणि ते चश्मिषच्या उत्तराची वाट बघत होते.