लोखंड आत, चांदी बाहेर

मित्रांनो, मी चांदीची एक जुनी डबी आहे. जिंतूरच्या भागम्माबाईंच्या गळ्यात राहून त्यांचं इष्टलिंग, म्हणजे लिंगायतांनी अंगावर बाळगायचा दगडाचा लहानसा देव, सांभाळणं, हा माझा जन्मभराचा मान. रोज सकाळी बाई मला उघडत, लिंग तळहातावर घेऊन मोठ्यानं मंत्र म्हणत आणि मगच घास तोंडात घालत. मला राख लावून पुसायलाही त्या विसरत नसत. शेजारणी म्हणत, "भागम्मा, डबी लय लखलखायलीय!" मी फुगून जाई. खोटं कशाला बोलू?

मग बाईंची जीभ अडखळू लागली. लेकीला, त्रिवेणीला, हाक मारायची तर तिचं नावच सापडेना. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत गाठ आहे, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. कापताना कड चुकली तर वाचाच जाईल. त्यावर एक नवा उपाय होता. लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण शिरेतून सोडायचे. ते गाठीला हुडकून तिलाच चिकटतात आणि फोटोत तिची कड उठून दिसते. मात्र हा फोटो काढणाऱ्या मशीनमध्ये मोठा लोहचुंबक असतो, तिथे जाताना अंगावर धातू चालत नाही.

बाईंनी मला मुठीत घट्ट धरलं. "मरंन, पण गळ्यातून काढायची न्हाई!"

मी सुखावले. हा कुठला न्याय? लोखंडाला रक्तात जागा आणि चांदी दाराबाहेर!

त्रिवेणी रडकुंडीला आली. "माय, तू मुकी झाल्यावर मंत्र कोण म्हणंल?"

बाईंनी मूठ थोडी सैल केली. मग डॉक्टरांना अडखळत विचारलं, "दगूड... चालंल का?"

"नुसता दगड असेल तर चालेल. तपासून घेऊ," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी मला उघडलं. लिंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दंडाला बांधलं आणि मला लेकीच्या हातावर ठेवलं. "देव माझा हाय. डबी सोनाराची."

खरंच बोलल्या त्या. पण मित्रांनो, मला फार लागलं ते.

ऑपरेशन होईपर्यंत मी त्रिवेणीच्या पर्समध्ये, केसांच्या पिनांशेजारी, रिकामी पडून होते. "कड स्वच्छ दिसली, गाठ निघाली," डॉक्टर तिला म्हणाले. "बोलणं मात्र शुद्धीवर आल्यावरच कळेल."

आता बाई घरी आहेत. अधूनमधून पुन्हा फोटो काढावा लागतो, म्हणून लिंग कायमचं फडक्यातच राहिलं. मी फडताळात काळी पडले आहे. गरज सरो नि वैद्य मरो, म्हणतात ना, तशी माझी गत. मला कुणी उघडत नाही.

तुमच्याही घरात काम संपलेली एखादी वस्तू पडून असेल. सणावाराला तरी चिमूटभर राख लावून पुसा तिला. एवढीच विनंती.

माझं म्हणाल, तर मी दिवसभर सकाळची वाट बघते. सकाळी फडताळाच्या दाराआडून बाईंचा मंत्र ऐकू येतो. अख्खा, कुठंही न अडखळता. तेवढा वेळ मी रिकामी आहे, हे माझ्या लक्षातच राहत नाही.